आधी शेवटच्या माणसाला बसू द्या

आज सकाळी आमच्या गिरिभ्रमण मंडळाच्या ग्रुपवर एक नोटीस आली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दसऱ्यानंतरच्या ट्रेकला ज्यांना यायचंय त्यांनी म्हणे ५ किलोमीटर ४० मिनिटांच्या आत पळून घड्याळाचा स्क्रीनशॉट टाकायचा. तो असेल तरच नाव घेणार. का, तर "गेल्या रविवारी मागे राहणाऱ्यांमुळे सगळ्यांचा खोळंबा झाला." खाली पटापट अंगठे पडले. त्यातल्या काहींना मी त्यांच्या पहिल्या ट्रेकला रडकुंडीला आलेलं पाहिलंय.

अर्ध्या तासानं, रविवारी मागे राहिलेल्या त्या ताईंचा मेसेज. "सॉरी, माझ्यामुळे उशीर झाला." आणि लगेच खाली, त्या ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ. "अहो ताई, थांबा की" असं म्हणायला एक माणूस पुढे आला नाही. मी लिहीपर्यंत त्या गेल्या होत्या.

रविवारी आम्ही तोरण्याला गेलो होतो, वेल्ह्याकडून. अर्ध्या वाटेपासून मी ताईंबरोबर होते, म्हणून सांगते. पुढची पोरं सपासप चढायची, एखाद्या टप्प्यावर सावली बघून बसायची, फोटो, चिक्की, गप्पा. दहा-पंधरा मिनिटांनी ताई धापा टाकत तिथे पोचल्या रे पोचल्या की, "चला, आले सगळे!" आणि सगळे उठून चालायला लागायचे. प्रत्येक टप्प्यावर हेच. म्हणजे ज्यांना दम लागलेला नाही ते दिवसभर आराम करतायत, आणि जिला खरी गरज आहे ती बाई सकाळपासून एकदाही टेकलेली नाही. बिनी दरवाजाच्या अलीकडे रेलिंग धरून चढताना त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. मग मागे पडतील नाही तर काय होईल? आणि वर जाऊन मेंगाई देवीच्या देवळापाशी बघतो तर निम्म्या लोकांचे डबे खाऊन झालेले, उतरायची घाई सुरू.

मला त्या क्षणी आमचे काका आठवले. मंडळातल्या जुन्या लोकांना कोण ते सांगायला नको.

माझा पहिला ट्रेक राजगडचा, गुंजवण्याकडून, चोर दरवाजाच्या वाटेनं. नवरात्राचे दिवस होते. आजारपणातून उठून मला वर्षही झालं नव्हतं. शेवटच्या खड्या चढाच्या खाली मी एका दगडावर बसले आणि सांगून टाकलं, की मी इथेच थांबते, तुम्ही जाऊन या. काका शेवटी चालायचे, नेहमीच. गळ्यात शिट्टी, हातात कारवीची काठी. ते "आलंच जवळ" म्हणाले नाहीत. माझ्याशेजारी बसले. माझी सॅक उघडून पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या काढून स्वतःच्या सॅकमध्ये टाकल्या. लिंबाची फोड मीठ-साखर लावून हातावर ठेवली. मग माझ्या बुटांच्या नाड्यांकडे बघून म्हणाले, "चढताना घोट्यापाशी जरा सैल ठेव, उतरताना घट्ट आवळ, नाहीतर अंगठ्याचं नख जाईल." वर शिट्टी वाजवली. पुढचे सगळे होते तिथे बसले, आणि मी उठेपर्यंत एकानंही कुरकुर केली नाही.

त्यांचा नियमच होता तो. विश्रांतीची वेळ मोजायची ती शेवटचा माणूस बसल्यापासून. पुढचा कितीही आधी पोचो, त्याची ती हौस. शेवटच्याला पूर्ण दहा मिनिटं मिळाल्याशिवाय कुणी सॅक उचलायची नाही. इतका साधा नियम, एका पैशाचा खर्च नाही. आणि आपण आता त्याच्या जागी स्क्रीनशॉट मागणार?

बरं, हे दिवस कुठले आहेत ते तरी बघा. पावसाळा सरताना गवत कमरेएवढं झालेलं असतं. मूळ पायवाट त्यात बुडालेली, आणि ढोरवाटा मात्र चांगल्या ठसठशीत. नवखा माणूस बरोब्बर ढोरवाटेला लागतो. सावलीतल्या दगडावर शेवाळ असतंच, उघड्यावरची माती सुकून घसारा, म्हणजे पाय सरकणारी सुटी माती, व्हायला लागलेला. वरून ऑक्टोबरचं ऊन, हवेत दमटपणा, घामानं जीव नकोसा होतो. अशा दिवसांत मागे एकटा राहिलेला माणूस म्हणजे गंमत नाही. काका प्रत्येक फाट्यावर चुकीच्या वाटेवर वाळकी फांदी आडवी टाकून ठेवायला सांगायचे, आणि तरीसुद्धा पुढच्यातला एक जण तिथे मागच्यांसाठी उभा राहायचाच. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरं आपली कामं टाकून रात्री-अपरात्री दरीत शोधायला उतरतात, कड्यावरून माणसं काढतात. त्यांना आपण आणखी कामाला लावायचं का?

आणि हेच तर नवीन लोक येण्याचे दिवस! सोनकीनं उतार पिवळे झालेले, तेरडा अजून टिकून, गडावरची पाण्याची टाकी तुडुंब, धुकं निवळून लांबलांबचे डोंगर दिसायला लागलेले. राजगडावरून तोरणा हात लावावा इतका जवळ वाटतो. कारवी सात वर्षांनी फुलते, ते वर्ष असेल तर विचारूच नका. या दिवसांत आलेला माणूस डोंगराच्या प्रेमात पडतो आणि आयुष्यभर येत राहतो. मी तशीच आले. त्याला दारातच परत पाठवून मंडळ वाढणार कसं?

हो, अंधार लवकर पडतो हे मला कळतं. ऑक्टोबरच्या मध्याला सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, आणि पंचवीस-तीस माणसं सुखरूप खाली आणायची जबाबदारी लीडरवर असते, ते सोपं नाही. दम्याचा, बीपीचा त्रास लपवून येणाऱ्यांनी आधी सांगायलाच हवं, तेही मान्य. पण मग अर्धा तास लवकर निघा ना! ज्यांना जमणार नाही त्यांना राजगडाला पाली दरवाजानं न्या, पायऱ्यांची रुंद वाट आहे. हरिश्चंद्रगडाला नळीच्या अवघड वाटेऐवजी पाचनईतून सोप्या वाटेनं न्या. नकाशावर बोट ठेवून पाच मिनिटांत ठरण्यासारखं आहे हे.

ज्यांना वेळ लावून पळायचंय त्यांनी जरूर पळावं. सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा आहे, मला त्या धावणाऱ्यांचं मनापासून कौतुक आहे. पण ती शर्यत आहे आणि तिथे जाणारा ते समजूनच जातो. मंडळ काही शर्यतीसाठी काढलेलं नव्हतं. गल्लीतल्या, ऑफिसातल्या, शेजारच्या माणसांनी एसटीनं नसरापूर फाट्यावर उतरून, मिळेल त्या गाडीनं मार्गासनी, साखर करत डोंगराच्या पायथ्याला पोचायचं आणि एकमेकांच्या सोबतीनं गड बघायचा, एवढ्यासाठी काढलं होतं. २०२५ च्या जुलैत राजगडासह १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा आपण ग्रुपवर केवढे भगवे झेंडे टाकले. हे गड सगळ्यांचे म्हणालो होतो ना?

लिहितालिहिता राग जरा उतरलाय. नोटीस लिहिणारा मुलगा वाईट नाही, मी ओळखते त्याला. गेल्या वर्षी एकाचा पाय मुरगळला तेव्हा सगळा उतार खांद्याचा आधार देऊन त्यानंच खाली आणलं होतं. पण काका गेल्यावर शेवटी चालायला कुणी तयार होत नाही, ही खरी अडचण आहे. पुढे चालणाऱ्याचे फोटो येतात, मागे चालणाऱ्याचे येत नाहीत. जो सगळ्यात चांगला चढतो त्यालाच शेवटी ठेवा, असं काका म्हणायचे, कारण मागच्यासाठी दोनदा खाली-वर करायची ताकद त्याच्याकडेच असते. मंडळाच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे, आणि ती नोटीस मागे घ्या असंही सांगणार आहे.

मघाशी ताईंना फोन केला. आधी "नको हो, माझ्यामुळे तुमचाही खोळंबा" वगैरे झालं. मग विचारलं, "पाली दरवाजाला पायऱ्या किती उंच आहेत?" तेव्हा मला बरं वाटलं.

तर कोजागिरीनंतरच्या रविवारी आम्ही दोघी राजगडला जातोय, पाली दरवाजानं, पहाटे साडेपाचला निघून. आणखी पाच-सहा जणांची जागा आहे, वयाची अट नाही, स्क्रीनशॉट नको. तीन लिटर पाणी, टोपी, दुपारचा डबा आणि उतरायला काठी. परफ्युम लावून येऊ नका, आग्या मोहोळं असतात. शेवटी मी चालणार आहे. यायचं असेल त्यांनी मंगळवारपर्यंत इनबॉक्समध्ये कळवा, गाडी ठरवायची आहे.