एच-इंडेक्स ९ की ३४? एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

नमस्कार. एवढ्या तपशिलात प्रतिक्रिया लिहिल्याबद्दल आभार. गणिताच्या प्राध्यापकाचा एच-इंडेक्स ९ आणि रसायनाच्या प्राध्यापकाचा ३४, एवढ्यावरून त्यांना खालीवर लावू नये, असं मूळ लेखात म्हटलं होतं. (एच-इंडेक्स ९ म्हणजे प्रत्येकी किमान ९ सायटेशन, म्हणजे इतर पेपरांत संदर्भ म्हणून उल्लेख, मिळालेले ९ पेपर.) तुमचे आक्षेप तीन: ही काम न करणाऱ्यांची पळवाट आहे, आकडा बाजूला ठेवला की निवड समितीत वशिलाच उरतो, आणि जगातल्या आघाडीच्या संशोधकांची ‘स्टॅनफर्डची २ टक्क्यांची यादी’ सगळ्या विषयांना एकाच मापाने मोजतेच की.

आधी यादीचं बघू, कारण ती तुमच्या म्हणण्याच्या उलट बाजूने बोलते. संशोधक जॉन योआनिडिस आणि सहकारी ती स्कोपस या पेपर आणि सायटेशनच्या डेटाबेसवरून काढतात. ते स्टॅनफर्डचे, म्हणून बातम्यांत ती स्टॅनफर्डची यादी झाली. तिच्यात विज्ञानाचे २२ विषय आणि १७४ उपविषय केलेले आहेत. एकूण गुणांनुसार पहिल्या १ लाखात असाल तर नाव येतं, किंवा स्वतःच्या उपविषयात वरच्या २ टक्क्यांत असाल तरी येतं. एकच माप पुरलं असतं तर हे दुसरं दार ठेवायची गरजच नव्हती.

तिथेही एक अडचण उरते. गुण सहा निकषांवर ठरतात आणि त्यांतल्या दोहोंत पहिला किंवा शेवटचा लेखक असण्याला वजन आहे. जीवशास्त्रात ते योग्यच, कारण तिथे पहिल्याने प्रयोग केलेले असतात आणि शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख असतो. शुद्ध गणितात मात्र नावं इंग्रजी वर्णक्रमाने लागतात. आपटे, जोशी, वैद्य यांनी सारखंच काम केलं तरी या दोन निकषांत जोशींना त्या पेपरचं काहीच मिळत नाही.

आता ९ आणि ३४. गणिताच्या पेपरखाली बहुधा वीस-पंचवीस संदर्भ असतात, त्यातले कित्येक तीस-चाळीस वर्षं जुने. जीववैद्यकात चाळीस-साठ, बहुतेक ताजे. देणारेच हात आखडते असतील तर घेणाऱ्याच्या पदरात कमीच पडणार. त्यात सहलेखकांची संख्या. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या पेपरला ५,१५४ लेखक आहेत, आणि एच-इंडेक्स मोजताना तो प्रत्येकाच्या खात्यात अख्खा जमा होतो. याउलट रशियन गणितज्ञ पेरेलमन यांनी प्वांकारे अनुमान हा गणितातला प्रसिद्ध प्रश्न सोडवणारे तीन लेख २००२-०३मध्ये आर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावर ठेवले आणि कुठल्याही जर्नलकडे पाठवलेच नाहीत. २००६मध्ये त्यांना फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च सन्मानांपैकी एक जाहीर झाला, तोही त्यांनी नाकारला. ‘काम न करणारे’ हा शब्द मला म्हणूनच फार लागला.

आकडा निःपक्षपाती असतो, हेही तपासून बघा. समजा आठ पेपरची सायटेशन अशी आहेत: ३४, २१, १२, ९, ७, ६, ३, २. एच-इंडेक्स ६. पहिल्याची ३४ची ३,४०० झाली तरी तो ६च राहतो. पण सहाव्या पेपरला १ आणि सातव्याला ४ अशी फक्त ५ सेल्फ-सायटेशन (स्वतःच्याच पेपरचे संदर्भ) दिली की तो ७ होतो. पुढचे चार पेपर लिहिताना हे सहज उरकतं. म्हणून स्कोपसमध्ये सेल्फ-सायटेशन वगळून पुन्हा आकडा काढा. आकडा गूगल स्कॉलर या गूगलच्या पेपर-शोध सेवेचा असेल तर आधी पेपरची यादी वाचा. ‘एस. पाटील’ नावाच्या प्रोफाइलमध्ये दुसऱ्याच एस. पाटलांचे पेपर आपोआप येऊन बसतात. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाच्या ओळखीचा १६ अंकी क्रमांक मागितला की हा घोळ बराच कमी होतो, अर्थात त्या व्यक्तीने आपली नोंद नीट ठेवली असेल तर.

वेगवेगळ्या विषयांतल्या लोकांची तुलना करायचीच असेल तर प्रत्येक पेपरची सायटेशन त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरच्या जागतिक सरासरीने भागा. समजा, गणितात सरासरी ४ आहे आणि पेपरला १२ मिळाली: ३ पट. इम्युनोलॉजीत (रोगप्रतिकारशास्त्रात) सरासरी ३२ आणि मिळाली ४०: सव्वा पट. प्रकाराची अट विसरू नका, रिव्ह्यू लेखांना (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखांना) मूळ संशोधनापेक्षा सहसा जास्त सायटेशन मिळतात. आणि या गुणोत्तरांची सरासरी काढून थांबू नका. नऊ पेपर ०.५चे आणि एक २०चा असला तर सरासरी २.४५ येते, पण त्या माणसाचं नेहमीचं काम ०.५चं आहे. किती पेपर आपल्या विषयात वरच्या १० टक्क्यांत आहेत, हे विचारलं की खरं चित्र दिसतं.

वशिल्याची तुमची भीती मात्र शंभर टक्के खरी आहे, ती मी झटकत नाही. पण वशिलेवाल्यालाही आकडा सोयीचाच पडतो. स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हा तसाच आणखी एक डेटाबेस, तिघे तीन वेगळे आकडे देतात आणि त्यातला हवा तो उचलता येतो. आकड्याचा स्रोत आणि तारीख जाहिरातीतच ठरवून द्या. प्रत्येक उमेदवाराकडून त्याने निवडलेले पाच पेपर आणि त्यांत त्याचं स्वतःचं काम काय, याच्या चार ओळी मागवा. त्यातले दोन बाहेरच्या, त्याच उपविषयातल्या तज्ज्ञाकडून वाचून घ्या आणि त्याचं सही असलेलं टिपण फाइलला लावा. म्हणजे उद्या कुणी माहिती अधिकारात फाइल मागितली, तर एच-इंडेक्सच्या रकान्यासोबत ते टिपणही हाती येईल.