भांडकुदळ पोरं आणि दहा मार्कांची समाजसेवा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका आईने विचारलं, मुलाला एमयूएनला (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे पोरांनी एकेका देशाचे प्रतिनिधी बनून भरवलेली लुटुपुटूची संयुक्त राष्ट्रांची बैठक) घालू का, फी काही हजार आहे, उपयोग होतो का? उत्तरं धडाधड आली. "प्रोफाइलला बरं दिसतं." "इंग्रजी फाडफाड होतं." "आमचा गेला होता, आता जेवताना आम्हाला पॉइंट ऑफ ऑर्डर देतो." एका काकांनी तर व्यवहारी तोडगाच काढला, "त्यापेक्षा एखाद्या एनजीओचं सर्टिफिकेट घ्या, परदेशी युनिव्हर्सिट्यांना तेही चालतं आणि स्वस्तात पडतं."

तिथे मी काही लिहिलं नाही. त्या ग्रुपवर चार ओळींच्या वर मजकूर गेला की लोक हात जोडलेला इमोजी टाकून मोकळे होतात. म्हणून इथे सविस्तर. नुसत्या डिबेटमध्ये रमलेलं पोर तोंडाळ होतं, नुसत्या सेवेत रमलेलं सांगकाम्या होतं, आणि दोन्ही एकाच वयात, एकाच वेळी केली तर एकाची खोड दुसरं मोडतं, असं माझं मत झालंय. आणि हे मत माझ्या भाचीकडे बघून झालंय. (नाव लिहिलं तर घरी येऊन भांडेल, म्हणून भाचीच म्हणतो.)

ती मराठी शाळेतली. वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी कप. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" या चालीवर तिचं बालपण गेलं. भाषण बाई लिहून द्यायच्या, हातवारे माझ्या बहिणीने आरशासमोर बसवलेले, आणि मोबाईल असो, टीव्ही असो की विज्ञान, शेवटी ते शाप नसून योग्य वापर केल्यास वरदानच असायचं. पाच मिनिटांत घंटा, टाळ्या, कप. त्या सगळ्या वर्षांत तिला समोरून उलटा प्रश्न एकानेही विचारला नाही. आपल्याकडे बोलणाऱ्या मुलांचं कौतुक खूप होतं, पण त्यांना कोणी अडवत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

कॉलेजात गेल्यावर डिबेटशी गाठ पडली. तिथला खाक्या वेगळा. ब्रिटिश पार्लमेंटरी नावाचा जो प्रकार असतो, त्यात विषय पंधरा मिनिटं आधी कळतो आणि बाजू तुम्ही निवडायची नाही, वाट्याला येईल ती घ्यायची. सात मिनिटं बोलायचं, आणि मध्येच समोरचा उठून प्रश्न विचारणार. आमच्या कपवाल्या बाईसाहेब पहिल्या वेळी दुसऱ्या मिनिटाला खाली बसल्या. इंग्रजीचं निमित्त होतं, पण खरी अडचण ती नव्हती. समोरच्याने "हे कशावरून?" एवढंच विचारलं होतं. तिला त्याची सवयच नव्हती.

मग सवय झाली. जरा जास्तच झाली. ते वर्ष आम्हा सगळ्यांना जड गेलं. आजीने एकदा म्हटलं, "अगं दोन घास खाऊन जा, माझा जीव लागत नाही." तर ही म्हणते, "आजी, हा युक्तिवाद नाही, हा भावनिक दबाव आहे." आई (म्हणजे माझी आई, तिची आजी) शांतपणे म्हणाली, "बरं, मग दबावाने खा." त्या घरात वाद जिंकण्याचा अनुभव आईला साठ वर्षांचा आहे.

याच सुमारास तिने कॉलेजच्या एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव घातलं. कारण उदात्त वगैरे काही नव्हतं, दहा ग्रेस मार्क. मुंबई विद्यापीठातल्या कोणालाही विचारा, एनएसएस म्हणजे पोरांच्या तोंडी आधी मार्कच येतात. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, आणि खेड्यात सात दिवसांचं शिबिर. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी रॅली, पथनाट्य, बॅनर धरून फोटो आणि वहीत तासांची भरती. पण मार्कांसाठी आलेल्या पोरालाही कचरा उचलताना वास येतोच ना! त्यामुळे हेतूवरून मी फार नाक मुरडत नाही. आत शिरण्याचं कारण काही का असेना.

त्यांची तुकडी रविवारी सकाळी चौपाटीवर सफाईला जायची. पावसाळ्यात भरतीनंतर किनारा कसा असतो ते दादर-माहीमवाल्यांना सांगायला नको. आपण गटारात, नाल्यात, मिठी नदीत जे टाकतो ते समुद्र व्याजासकट परत आणून देतो. पोरं हातमोजे घालून, टी-शर्ट मिरवत, दोन तास पिशव्या भरायची. तिथेच शेजारी कचरा वेचणाऱ्या बायका असायच्या, हातमोज्यांशिवाय. त्यातल्या एका मावशींनी हिला एकदा हटकलं, "अगं पोरी, सगळं एकत्र काय भरतेस? ते नको, हे घे."

मावशी प्लॅस्टिक हातात घेऊन नुसती चुरगाळायच्या आणि आवाजावरून, हाताला लागणाऱ्या कडकपणावरून कुठल्या ढिगात टाकायचं ते ठरवायच्या. पाण्याची बाटली विकली जाते. दुधाची पिशवी विकली जाते. धारावीतल्या तेरा कंपाउंडपर्यंत, म्हणजे तिथल्या भंगाराच्या बाजारापर्यंत, तिला गिऱ्हाईक आहे. पण वेफर्सचं, गुटख्याचं, शाम्पूचं पाकीट? त्याला कोणी हात लावत नाही. प्लॅस्टिक आणि चकचकीत ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही. त्यामुळे भाव शून्य. म्हणून किनाऱ्यावर बाटल्या कमी दिसतात आणि पाकिटं जास्त. बाटल्या आपल्या आधीच कोणीतरी पोटासाठी उचललेल्या असतात. हे हिला कळलं ते त्या मावशींकडून, सफाईआधी झालेल्या स्वच्छतेवरच्या भाषणातून नव्हे.

आता योगायोग बघा. त्याच वर्षी दक्षिण मुंबईतल्या एका एमयूएनमध्ये तिच्या कमिटीचा विषय होता प्लॅस्टिक करार. २०२२ च्या मार्चमध्ये नैरोबीत देशांनी ठरवलं की प्लॅस्टिकवर बंधनकारक करार करायचा. तेव्हापासून बैठकांवर बैठका. २०२४ ला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये गाडी अडली ती मुख्यतः एकाच प्रश्नावर, प्लॅस्टिकच्या उत्पादनावरच मर्यादा आणायची की नुसतं कचऱ्याचं व्यवस्थापन सुधारायचं. (२०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हातही तेच झालं.) उत्पादनाला हात लावू नका म्हणणाऱ्यांत तेलवाले देश पुढे. आणि १९३ देशांतून हिच्या वाट्याला कोण यावं? सौदी अरेबिया.

रविवारी चौपाटीवर पाकिटं गोळा करणारी पोरगी पुढच्या शनिवारी उसना ब्लेझर घालून उभी राहणार आणि प्लॅस्टिक बनवणं थांबवू नका म्हणून सांगणार! दोन दिवस धुसफुसली, देश बदलून मागितला, मिळाला नाही. मग मुकाट्याने पोझिशन पेपर, म्हणजे आपल्या देशाची भूमिका, लिहायला बसली. आणि इथे डिबेटचं मोल मला पहिल्यांदा कळलं. जी बाजू पटत नाही ती मनापासून मांडायची म्हणजे आधी ती समजून घ्यावी लागते. ती वाचत गेली. भारताचे २०१६ चे प्लॅस्टिक कचरा नियम वाचले. त्यात पुनर्वापर न होणारी बहुथरी पाकिटं दोन वर्षांत बंद करायची म्हटलं होतं, आणि २०१८ च्या दुरुस्तीत ती अट सैल झाली. जाळून ऊर्जा काढता येत असेल किंवा दुसरा काही उपयोग होत असेल तर पाकीट चालेल. रात्री साडेअकराला मला फोन. "मामा, तुला माहितीये, हे बंद होणार होतं!" मी झोपेत हो म्हटलं.

सौदीच्या बाजूने तिने मांडणी जोरदार केली म्हणे. मुंबईचंच उदाहरण दिलं. कचऱ्याला भाव मिळाला की तो रस्त्यावर राहत नाही, धारावी बघा, म्हणजे दोष उत्पादनाचा नाही, गोळा करण्याच्या व्यवस्थेचा आहे. समोरच्या युरोपियन देशांची (म्हणजे वांद्रे आणि जुहूच्या पोरांची) पंचाईत झाली. तिला स्पेशल मेन्शन (म्हणजे आपलं उत्तेजनार्थ) मिळालं.

घरी आली ती खट्टू होऊन. मी विचारलं, आता काय झालं? म्हणाली, "मामा, माझं सगळं एका प्रश्नात कोसळलं असतं. ज्या पाकिटाला भावच नाही, त्याचं काय? दोन दिवस मी तो प्रश्न येईल म्हणून घाबरून बसले होते. कोणी विचारलाच नाही."

कोण विचारणार? सगळी पोरं हुशार होती, अहवाल वाचून आली होती, पण पाकीट उचलून कोणाला विकायला गेली नव्हती. त्या अख्ख्या हॉलमध्ये हिच्या भाषणातलं भोक फक्त हिला माहीत होतं, आणि ते चौपाटीवरच्या मावशींमुळे.

त्यानंतर ती चौपाटीवर गेली तेव्हा आयोजकांची पाळी आली. सफाईला आलेल्या पोरांना पाणी कशातून? प्लॅस्टिकच्या छोट्या बाटल्यांतून, प्रायोजकाच्या नावासकट. हिने विचारलं, हे का? आणि आपण किती किलो गोळा केलं एवढंच लिहितो, काय गोळा केलं ते का नाही लिहीत? एक दादा वैतागले, "आपण काम करायला आलोय, वाद घालायला नाही." हे वाक्य मी सामाजिक कामात इतक्यांदा ऐकलंय की त्याची पाटी करून लावावी. ज्यांना प्रश्न चालत नाहीत त्यांना स्वयंसेवक नकोच असतात, हमाल हवे असतात, तेही फुकट. शेवटी वही ठेवली गेली, पाणी घरून न्यायचं ठरलं. बहुतेकांनी आणलं, काहींनी हिच्या बाटलीतलं पिऊन हिलाच शिव्या दिल्या.

पण तिचा तोंडाळपणा उतरवला तो चौपाटीने नाही. ते काम झालं परीक्षेच्या हॉलमध्ये. ती एका अंध विद्यार्थ्याची लेखनिक म्हणून बसली. मुलगा टीवायचा (पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा), ही एफवायची (पहिल्या वर्षाची), कारण लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. पेपर राज्यशास्त्राचा. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. तो सांगणार, ही लिहिणार. प्रश्नपत्रिका दोनदा वाचून दाखवायची, तो डोक्यात उत्तरांचा क्रम लावेपर्यंत थांबायचं, मध्येच तो विचारतो, "किती ओळी झाल्या?", "मागचं वाक्य वाच." आणि एका प्रश्नाला तो असं उत्तर सांगायला लागला की हिच्या मते ते साफ चूक होतं. डिबेट असतं तर हिने सात मिनिटांत त्याचा भुगा केला असता. इथे पेन हिच्या हातात, पण शब्द त्याचे. भुवई उंचावून उपयोग नाही, त्याला दिसत नाही. सुस्कारा सोडायची सोय नाही, त्याला ऐकू येतो. तिने लिहिलं, जसंच्या तसं, त्याच्या स्वल्पविरामासकट. आणि तो उत्तराच्या शेवटाकडे गेला तेव्हा तिला कळलं की तो मुद्दा कुठून कुठे नेत होता. चूक वगैरे नव्हतंच काही. एवढं पूर्ण, मध्ये न तोडता, तिने कोणाचं ऐकलंच नव्हतं कधी.

पुढच्या डिबेटमध्ये तिने प्रतिस्पर्ध्याचं म्हणणं आधी त्याच्याहून नीट मांडलं आणि मग खोडलं. जजने वेगळी दाद दिली. आणि आजीला हल्ली "बरं, खाते" म्हणते. आईला यात काहीतरी कारस्थान वाटतं.

हे सगळं मुंबईला नवीन नाही बरं का. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या (आताचं एल्फिन्स्टन कॉलेज) विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, तिथे निबंध वाचायचे, चर्चा करायचे. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी ज्ञानप्रसारक मंडळ्या काढल्या. आणि पुढच्याच वर्षी याच मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या, सकाळी स्वतः बिनपगारी शिकवायला जायचे. त्यात तरुण दादाभाई नौरोजी होते. मुलींना शिकू द्या म्हणून घरोघरी गेल्यावर काही वडिलांनी जिन्यावरून ढकलून द्यायची धमकी दिली होती, असं त्यांच्या चरित्रात येतं. नाना शंकरशेटांनी मुलींच्या शाळेला जागा दिली. चर्चा करणारे आणि जिने चढणारे तेव्हा एकच होते. ही वाटणी कधी झाली कोण जाणे, की ब्लेझरवाल्यांनी ठराव मांडायचे आणि टी-शर्टवाल्यांनी झाडू मारायचा.

या वाटणीत पैसाही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. फी, कपडे, चर्चगेटपर्यंतचा प्रवास, आणि सगळं इंग्रजीत. कल्याण-विरारच्या मराठी शाळेतल्या चुणचुणीत पोराने कुठे जायचं? आपल्या शाळा-कॉलेजांनी पाठांतराच्या वक्तृत्व स्पर्धेत भाषणानंतर निदान दोन मिनिटं समोरच्यांना प्रश्न विचारू दिले तरी खूप झालं. त्याला ना फी लागते ना ब्लेझर. परीक्षकांना मात्र जागं राहावं लागेल.

तर सोसायटीतल्या त्या आईला माझं उत्तर, घाला. फक्त पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा की कमिटीत मुलं किती आणि दोन दिवसांत प्रत्येकाला बोलायला साधारण किती वेळ मिळतो. दीडशे जणांच्या हॉलमध्ये मुलगा दोनदा देशाच्या नावाची पाटी वर करून, जेवून परत येतो. आणि लेखनिकाचं काम सर्टिफिकेटवाल्या काकांना स्वस्तात पडेल, कारण ते फुकट आहे. परीक्षांच्या हंगामात लेखनिकांची टंचाई असतेच. रुईया आणि झेवियर्समध्ये अंध विद्यार्थ्यांसाठी केंद्रं आहेत, वरळीला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आहे. जाऊन चौकशी करा. मुलाचं अक्षर बरं असावं, वेळ पाळणारा असावा, आणि चार तास गप्प बसता येत असेल तर उत्तम. येत नसेल तर मग नक्कीच पाठवा.