भांडं उंचावर ठेवून कुत्र्याचं पोट फुगणं टळत नाही

मोठ्या कुत्र्यांच्या पालकांमध्ये एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: पोट फुगून होणारा कुत्र्याचा मृत्यू शंभर टक्के टाळता येतो. जेवणाचं भांडं स्टँडवर ठेवा, कोरडे दाणे भिजवूनच द्या, जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर पाणी देऊ नका, बर्फाचं पाणी तर कधीच नको. तरीही पोट फुगलंच तर गॅसचं औषध द्या, पोट चोळा आणि अर्धा तास वाट पाहा.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण यातला पहिला सल्ला बहुधा उलटा आहे आणि शेवटचा जीव घेऊ शकतो.

आधी आत काय घडतं ते पाहू. जठर हवेने, द्रवाने, अन्नाने फुगतं. नुसतं फुगणंही गंभीरच, पण अनेकदा ते फुगलेलं जठर फिरतं आणि त्याला पीळ पडतो. मग अन्ननलिकेकडची वाट बंद आणि आतड्याकडचीही बंद. ढेकर येत नाही, उलटी होत नाही, फुगणं मात्र चालूच राहतं. पोटातल्या मोठ्या शिरा दाबल्या जातात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि कुत्रा शॉकमध्ये जातो. जठराला जोडलेली प्लीहाही सोबत ओढली जाते. रक्त न मिळाल्याने जठराची भिंत मरू लागते. हे सगळं काही तासांत होतं. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या जातींना धोका जास्त. वय वाढतं तसा तो वाढतो, आणि आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा त्रास झाला असेल तर आणखी वाढतो.

आता भांड्याच्या उंचीकडे. मान खाली घालून खाल्लं की हवा जास्त गिळली जाते, असा तर्क होता. ऐकायला तो पटतोही. पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात लॉरेन्स ग्लिकमन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आणि महाकाय जातींच्या दीड हजारांहून अधिक कुत्र्यांवर लक्ष ठेवलं, आणि २००० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष नेमके उलटे निघाले. उंचावरच्या भांड्यातून खाणाऱ्यांना धोका जास्त होता. मोठ्या जातींतल्या सुमारे २० टक्के आणि महाकाय जातींतल्या सुमारे ५२ टक्के प्रकरणांचा संबंध त्यांनी उंच भांड्याशी जोडला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालं असं नाही, आणि नंतरच्या एका अभ्यासात उंचीचा फरक दिसलाही नाही. पण उंच भांड्याने संरक्षण मिळतं, असं दोन्हींपैकी एकातही आढळलं नाही. मग स्टँडवर पैसे घालवायचे कशाला? भांडं जमिनीवर ठेवा. अन्ननलिकेचा विकार किंवा मानेचं दुखणं असेल आणि डॉक्टरांनीच उंचावर भरवायला सांगितलं असेल, तर अर्थातच त्यांचं ऐका.

आणि ज्याकडे खरंच लक्ष द्यायला हवं ते या मेसेजमध्ये आलेलंच नाही: खाण्याचा वेग. कुत्रा जेवत असताना एकदा जवळ उभं राहून ऐका. दाणे चावल्याचा कुरकुर आवाज येतोय, की नुसता गटागट गिळल्याचा? थुंकीने भिजलेलं भांडं ढकलत ढकलत तो भिंतीपर्यंत नेतो का? मिनिटभरात चाटूनपुसून मोठ्ठी ढेकर देतो का? असं असेल तर त्याचा वेग कमी करा. आत उंचवटे असलेलं भांडं मिळतं. ते नसेल तर दाणे रुंद ताटात किंवा चक्क स्वच्छ फरशीवर पसरून द्या. भांड्यात मोठा चेंडू ठेवायचा असेल तर तो तोंडात मावणार नाही एवढा हवा. घरात दोन कुत्रे असतील तर त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत जेवू घाला. शेजाऱ्याच्या भीतीने गिळणारा कुत्रा एकटा असला की बऱ्याचदा शांतपणे खातो.

दुसरी गोष्ट एका वेळच्या मापाची. पर्ड्यूच्याच २००४ सालच्या अभ्यासात एका जेवणाला जास्त अन्न मिळणाऱ्यांना धोका अधिक होता, आणि दिवसातून एकदाच भरपूर खाणाऱ्यांना सर्वात जास्त. त्यामुळे दिवसभराचं तेवढंच अन्न दोन किंवा तीन वेळांत वाटून द्या.

दाणे भिजवण्याने पोट फुगणं टळतं, याला आधार नाही. म्हाताऱ्या, दात पडलेल्या कुत्र्यासाठी जरूर भिजवा, पण ते चावण्याच्या सोयीसाठी.

पाणी तोडणं मला सर्वात जास्त खटकतं. तासन्‌तास तहानलेला कुत्रा भांडं दिसलं की एका दमात रिकामं करतो, आणि तेच तर आपल्याला नको आहे. पाणी कायम समोर असू द्या. बर्फाचं म्हणाल, तर गार पाण्याने जठराला पीळ पडतो, हे खरं नाही. जेवल्यावर लगेच पळवू नका, हा सल्ला मेसेजमध्ये नाही, पण बरेच जण देतात. त्याचा पुरावा तोकडा आहे. तरी तासभर आराम दिल्याने नुकसान काही नाही, म्हणून मीही तेच सांगेन.

आता तो शेवटचा सल्ला. पीळ पडलेल्या जठरातून हवा बाहेर पडायला वाटच उरलेली नसते. गॅसचं औषध तो पीळ सोडवू शकत नाही, चोळणंही नाही. आणि वाट पाहण्याचा तो अर्धा तास म्हणजेच कुत्र्याच्या हातातला वेळ. खूण ओळखा: मान खाली, बरगड्या आत खेचल्या जातात, उलटीचा पूर्ण जोर लागतो, पण बाहेर पडते फक्त पांढरी, चिकट लाळ. पुन्हा तेच, पुन्हा तेच. सोबत अस्वस्थ येरझाऱ्या, मागे वळून पोटाकडे पाहणं, बरगड्यांमागे ताठरलेलं पोट. केसाळ किंवा खोल छातीच्या कुत्र्यात फुगलेलं पोट उशिरापर्यंत दिसतही नाही, म्हणून त्यासाठी थांबू नका. फिकट पडलेल्या हिरड्या आणि उभं राहायला न जमणं ही फार पुढची लक्षणं. कोरडे उमासे दिसताच गाडी काढा आणि वाटेतून फोन करा: मोठा कुत्रा आहे, उलटीचा जोर येतोय पण काही पडत नाही. एवढं ऐकलं की दवाखाना तयारीला लागतो. जवळच्या कुठल्या दवाखान्यात रात्री शस्त्रक्रिया होते, हे आजच विचारून ठेवा.

शंभर टक्के हमी खाण्याच्या कोणत्याच सवयीत नाही. हमीच्या सर्वात जवळ जाणारा उपाय म्हणजे गॅस्ट्रोपेक्सी. यात जठर पोटाच्या भिंतीला शिवून टाकतात, म्हणजे ते फिरू शकत नाही. धोक्याच्या जातींमध्ये नसबंदीच्या वेळीच, त्याच भुलीत ती करता येते. एकदा पीळ पडून वाचलेल्या कुत्र्याचं जठर शिवलं नाही, तर निम्म्याहून अधिक वेळा ते पुन्हा होतं. शिवल्यावर पीळ क्वचितच पडतो. जठर फुगू मात्र शकतं, त्यामुळे त्या कुत्र्यालाही कोरडे उमासे आले तर धाव दवाखान्याकडेच.