खताची टंचाई: टनांचा हिशेब आणि पिकाचे दिवस

खताची टंचाई सुरू झाली की चर्चा टनांची होते. मागणी इतकी, साठा इतका, अमुक जहाजं बंदराकडे निघालीत. हे आकडे खरे असतीलही, पण पिकाचं काय होणार हे त्यांवरून अजिबात कळत नाही. कारण पिकाला खत वर्षभरात कधीतरी मिळून चालत नाही. ठरावीक आठ-दहा दिवसांत मिळालं तरच त्याचा उपयोग. हंगामाच्या शेवटी ‘मागणीच्या नव्वद टक्के पुरवठा झाला’ असं अभिमानाने सांगितलं जातं, तेव्हा त्यातला निम्मा माल पिकाची गरज संपल्यावर पोचलेला असू शकतो. माझा सगळा आक्षेप इथे आहे.

गव्हाचंच बघा. उष्ण प्रदेशात पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुंध्याशी येणारी मुळं, फुटतात. पहिलं पाणी आणि नत्राचा (नायट्रोजनचा) दुसरा हप्ता तेव्हा लागतो, कारण फुटवे, म्हणजे रोपाच्या बुंध्यातून निघणाऱ्या जादा काड्या, किती राहणार हे त्या सुमारास ठरत असतं. हप्ता हुकला की पीक स्वतःच फुटवे मारून टाकतं. पंचेचाळिसाव्या दिवशी तेवढाच युरिया, म्हणजे नत्राचं खत, टाकला, तर पानं हिरवी होतील, दाण्यातलं प्रथिन थोडं वाढेल, पण मेलेले फुटवे परत येत नाहीत. हेक्टरी ओंब्याच कमी, मग उत्पादन कुठून येणार? मक्यात सहा-आठ पानांपासून तुरा येईपर्यंतचा काळ असाच निर्णायक. या काळात जोमदार पीक दिवसाला हेक्टरी तीन-चार किलो नत्र उचलतं. भातात फुटव्यांची वेळ आणि लोंबी पोटात धरण्याची वेळ, या दोन्ही सांभाळाव्या लागतात. लोंबीत दाणे किती बसणार हे दुसऱ्या वेळी ठरतं.

आता खत येतं कुठून ते पाहू. टंचाई हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या अडचणींसाठी वापरतो.

नत्र हवेतून येतं, पण ते बांधायला हायड्रोजन लागतो आणि तो मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढतात. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत अमोनिया तयार करून दाखवला, कार्ल बॉशने ते तंत्र कारखान्याच्या आकाराला नेलं आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकसंख्येचं अन्न या बांधलेल्या नत्रावर उभं आहे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वायू इथे कच्चा मालही आहे आणि इंधनही. त्यामुळे अमोनियाच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग वायूचाच असतो. वायू महागला की कारखाना तोट्यात जातो आणि बंद ठेवला जातो. २०२२ मध्ये युरोपात हेच घडलं.

स्फुरद (फॉस्फरस) खडकातून येतं. जगातल्या फॉस्फेट खडकाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत. पण नुसता खडक असून भागत नाही. तो विरघळवायला सल्फ्युरिक आम्ल लागतं, त्याला गंधक लागतं आणि गंधक बहुतांशी तेल-वायूच्या शुद्धीकरणातून निघतं. डीएपीला, म्हणजे स्फुरद आणि नत्र दोन्ही देणाऱ्या डायअमोनियम फॉस्फेट खताला, वर अमोनियाही हवा. म्हणजे डीएपीची साखळी तीन ठिकाणी तुटू शकते. पालाशाची (पोटॅशची) गोष्ट सरळ आहे: कॅनडा, रशिया आणि बेलारूस हे तीन देश मिळून जगाच्या उत्पादनाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा उचलतात.

२०२१-२२ मध्ये या तिन्ही साखळ्या एकाच वेळी ताणल्या गेल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने खतांच्या निर्यातीवर तपासणीचं बंधन घातलं. फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियातल्या क्लायपेडा बंदरातून बेलारूसचा पोटॅश जाणं थांबलं. त्याच महिन्यात युक्रेनवर आक्रमण झालं आणि रशियातल्या तोल्यात्तीपासून काळ्या समुद्रापर्यंत अमोनिया नेणारी नळवाहिनी बंद पडली. फटका शेतापुरता राहिला नाही. अमोनियाच्या कारखान्यांतून कार्बन डायऑक्साइडही मिळतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनमधले दोन कारखाने थांबले, तर मांस प्रक्रिया आणि शीतपेयांचे उद्योग अडचणीत आले. डिझेल गाड्यांचा धूर स्वच्छ करणारं द्रव म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. चीनचा युरिया थांबला तेव्हा दक्षिण कोरियात ट्रक उभे राहण्याची वेळ आली. धान्य पिकवणं आणि ते वाहून नेणं, दोन्ही एकाच पदार्थावर अडलेलं होतं.

या सगळ्याचा भार समान पडत नाही, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे. खताला मिळणारा प्रतिसाद सरळ रेषेत वाढत नाही. उपाशी जमिनीत मक्याला दिलेलं पहिलं ४०-५० किलो नत्र, बाकी व्यवस्थापन ठीक असेल तर, किलोमागे १५ ते २० किलो दाणे देऊन जातं. जिथे आधीच दीडशे-दोनशे किलो पडतं, तिथल्या शेवटच्या २०-३० किलोंतून अनेकदा किलोमागे चार-पाच किलोही मिळत नाहीत. म्हणजे एकाने हात आखडला तर त्याचं पीक जेमतेम हलतं, आणि दुसऱ्याला तेवढंच खत मिळालं नाही तर घरातलं वर्षाचं धान्य जातं. आफ्रिकी देशांनी २००६ च्या अबुजा घोषणेत हेक्टरी सरासरी ८ किलोवरून ५० किलो अन्नद्रव्यांपर्यंत जायचं ठरवलं होतं. यावरून तिथला शेतकरी कुठल्या पायरीवर उभा आहे ते समजा. भाव चढले की बाजारात माल ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे जातो, ज्या जमिनीत त्याचा सर्वांत जास्त उपयोग आहे तिच्याकडे नाही. एकूण टन तेवढेच राहूनही जगाचं धान्य कमी होऊ शकतं ते असं.

‘रासायनिक खत नाही मिळालं तर सेंद्रिय वापरा’ हा सल्ला अशा वेळी हमखास येतो. शेणखताबद्दल मला मनापासून आदर आहे. जमिनीचा पोत, ओल धरण्याची ताकद, सूक्ष्म अन्नद्रव्यं यांसाठी त्याला तोड नाही. पण आधी गणित करा. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र असतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का, म्हणजे तेवढ्या नत्राला सव्वानऊ टन शेणखत हवं. त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला मिळतं सुमारे एक तृतीयांश. म्हणजे त्याच हंगामात तेवढा परिणाम हवा असेल तर २७-२८ टन. एवढी जनावरं, एवढा चारा, एवढी वाहतूक एका हंगामात उभी राहत नाही. श्रीलंकेने मे २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घेतला. तोवर भाताचा मुख्य हंगाम सुरू झाला होता. भाताचं उत्पादन कोसळलं, चहाला मार बसला, तांदूळ आयात करावा लागला. सेंद्रियाकडे जाणं चुकीचं नव्हतं. ते काही महिन्यांत होईल असं धरणं चुकीचं होतं. जमिनीत सेंद्रिय कर्ब साठवायला, द्विदल पिकांचा फेरपालट बसवायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत लोकांना जेवायचं असतं.

मग खत खरंच कमी असेल तेव्हा कात्री कुठे लावायची?

मातीचा अहवाल काढा. स्फुरद आणि पालाश जमिनीत साठून राहतात. वर्षानुवर्षं डीएपी पडलेल्या शेतात स्फुरदाची पातळी जास्त दाखवत असेल, तर एक हंगाम ते बरंच कमी केलं किंवा अगदी वगळलं तरी धान्यपिकाला सहसा फरक पडत नाही. पालाशाचंही तसंच, आणि धान्यपिकांनी उचललेल्या पालाशाचा मोठा भाग काडात असतो, म्हणून टंचाईच्या वर्षी काड शेतातच राहू द्या, जाळू तर मुळीच नका. नत्राला अशी बचत खात्यात ठेवता येत नाही. ते धुपतं, झिरपतं, वायू होऊन उडतं. म्हणून हातात थोडंच खत घेण्याची ऐपत असेल तर आधी नत्र, पण अहवालात स्फुरद कमी नसेल तरच. स्फुरद कमी असलेल्या जमिनीत मुळंच वाढत नाहीत आणि वर टाकलेलं नत्र वाया जातं. आणि असलेलं नत्र निम्म्या शेताला पूर्ण मात्रेने देण्यापेक्षा सगळ्या शेताला कमी मात्रेने द्या. वर सांगितलेलं पहिल्या किलोचं गणित इथेही लागू आहे.

डीएपी मिळेना म्हणून पेरणी लांबवणारे पुष्कळ असतात. पेरणी लांबवू नका. १०० किलो डीएपीत १८ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद. १६ टक्क्यांचं सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं तर तेवढ्या स्फुरदाला सुमारे २८८ किलो लागेल आणि नत्रासाठी ३९ किलो युरिया. वजन तिप्पट, ओढाताण जास्त, पण सोबत ३० किलोंच्या वर गंधक आणि भरपूर कॅल्शियम मिळतं. तेलबियांना आणि डाळींना तर हे डीएपीपेक्षा मानवतं. एक काळजी मात्र घ्या: युरिया आणि सुपर फॉस्फेट मिसळून ठेवू नका. दोघांच्या अभिक्रियेत पाणी सुटतं, मिश्रण ओलं होऊन चिकटतं आणि पाभरीच्या नळ्या तुंबतात. मिसळायचंच तर टाकायच्या वेळी, टाकून संपेल एवढंच. ट्रिपल सुपर फॉस्फेटलाही हाच नियम.

स्फुरद शेतभर वरून विस्कटण्याची सवय टंचाईत परवडत नाही. ते टाकल्या जागेवरून जेमतेम हलतं. बियाण्याच्या पाच सेंटिमीटर बाजूला आणि पाच सेंटिमीटर खाली पेरून दिलं, तर कमी मात्रेत काम भागतं. बियाण्याला चिकटून टाकू नका. डीएपीतून आणि त्याहून जास्त युरियातून सुटणारा अमोनिया कोवळं मूळ जाळतो, विशेषतः ओल कमी असताना.

युरियाची सर्वांत मोठी गळती तर डोळ्यांसमोर होते आणि दिसत नाही. ओल्या मातीवर किंवा पाचटावर नुसता फेकलेला युरिया मातीतल्या युरिएज विकराने फुटतो, दाण्याभोवतीचा सामू (पीएच) चढतो आणि अमोनिया हवेत जातो. ऊन, वारा आणि चुनखडीची जमीन एकत्र आली तर ३०-४० टक्क्यांपर्यंत नत्र जाऊ शकतं. युरिया टाकल्यावर एक-दोन दिवसांत १०-१२ मिलिमीटर पाणी द्या किंवा कोळपणी करून तो मातीआड करा. जमिनीवर पाणी साचलेलं असताना टाकू नका. भातात बांगलादेशच्या शेतकऱ्यांनी वापरलेली युरियाच्या गोळ्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते: लावणीनंतर आठवडा-दहा दिवसांनी, चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात गोळी दाबायची, आणि एक सोडून एक चौकोनात. फेकीच्या तुलनेत जवळपास एक तृतीयांश युरिया वाचतो. मजुरी लागते, कंबर मोडते, हेही खरं. पण युरियाच नसेल तेव्हा हा हिशेब बदलतो.

टंचाईत आणखी एक घात होतो. डीएपी नाही, पोटॅश नाही, पण युरिया मिळतोय, मग तोच दुप्पट टाकला जातो. पीक काळंभोर दिसतं, समाधान वाटतं. मग मावा, तुडतुडे वाढतात, करपा येतो, पालाशाअभावी काड लेचंपेचं राहतं आणि दाणे भरायच्या वेळी वाऱ्याने पीक लोळतं. स्फुरदाची भूक नत्राने भागत नाही. पिवळेपणा दिसला की तो आधी कुठे आला ते पाहा. खालच्या जुन्या पानांपासून, पानाच्या टोकाकडून देठाकडे सरकत असेल तर नत्र कमी. वरची कोवळी पानं आधी पिवळी पडत असतील तर गंधक किंवा लोह, तिथे युरिया ओतून काही होणार नाही. जुन्या पानांच्या कडा करपल्या असतील तर पालाश. जांभळट छटा बहुतेकदा स्फुरदाची, पण थंडीतही येते, म्हणून लगेच घाबरू नका.

बाजारात याचा परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात, म्हणून खताची बातमी आणि धान्याची बातमी लोक जोडून पाहत नाहीत. शेतकरी आधी पीक बदलतो: नत्राची हाव असलेला मका सोडून सोयाबीनकडे वळतो. मका घटला की कोंबडी-जनावरांचं खाद्य महागतं, मग अंडी, दूध, मांस. कमी नत्रावरच्या गव्हात प्रथिन घटतं, त्याच्या पिठाचा पाव नीट फुगत नाही, म्हणजे पोत्यांची संख्या तीच असूनही माल हलका. आणि खत कमी पडलेल्या जमिनीतून पिकाने अन्नद्रव्यं उचललेलीच असतात. ती भरली नाहीत तर पुढच्या हंगामात भाव उतरले तरी उत्पादन मागे राहतं.

सरकारांकडे माझी मागणी साधी आहे. वर्षाच्या एकूण पुरवठ्याऐवजी प्रत्येक भागात, प्रत्येक पिकाच्या हप्त्याच्या आठवड्याआधी गोदामात किती खत आहे ते जाहीर करा. स्फुरद आणि पालाशाचा साठा ऑफ-सीझनमध्येच शेताजवळ नेऊन ठेवा. कोरड्या जागी ही खतं नीट टिकतात. युरियाला जास्त जपा: ३० अंशांच्या तापमानात हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की तो पाणी ओढू लागतो आणि त्याचे दगड होतात. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी, थप्पी बेताची, वर ताडपत्री. आणि वाटपात पहिली खेप लहान शेतांना द्या, प्रत्येकाला थोडी, पेरणीच्या आधी.