पट्टीपेक्षा शैली अधिक उपयोगी

वर्डच्या क्विक अ‍ॅक्सेस टूलबारवर, म्हणजे नेहमीच्या आज्ञांच्या छोट्या पट्टीवर, ठळक, तिरपे आणि अधोरेखित या तीन आज्ञा ठेवण्याचा, वर्डमध्ये वेळ वाचवण्याविषयीच्या एका लेखातील सल्ला मला फारसा पटला नाही, कारण कंट्रोलसह बी, आय आणि यू दाबून ही कामे आधीच होतात. या पट्टीवरील पहिल्या नऊ आज्ञा ऑल्ट आणि १ ते ९ या अंकांनी चालतात. त्यामुळे त्या जागा काट मारणे किंवा सर्व फॉरमॅटिंग पुसणे अशा, तयार शॉर्टकट नसलेल्या आज्ञांना देणे बरे.

खरा वेळ मात्र शैलींमुळे, म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांच्या नाव देऊन जपलेल्या संचांमुळे वाचतो. कोणत्याही शैलीच्या ‘मॉडिफाय’ खिडकीत ‘फॉरमॅट’खाली ‘शॉर्टकट की’ हा पर्याय असतो. तेथे उतारा, अवतरण आणि उपशीर्षक यांना स्वतःच्या कळा नेमता येतात. मराठी मजकुरासाठी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. वर्ड देवनागरीची गणना कॉम्प्लेक्स स्क्रिप्टमध्ये (अक्षरे जोडून आकार बदलणाऱ्या लिपींमध्ये) करतो, म्हणून शैलीत केवळ लॅटिन मजकुराचा फॉन्ट बदलला तर इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी अक्षरे जुन्याच फॉन्टमध्ये राहतात, ज्याचे खापर बहुतेक जण बिचाऱ्या फॉन्टवर फोडतात. फॉन्टच्या खिडकीतील कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या रकान्यात फॉन्ट आणि आकार स्वतंत्रपणे भरावे लागतात. लिब्रेऑफिस रायटर या मोफत लेखन-प्रणालीमध्येही अशीच विभागणी आहे.

नेमलेल्या कळा सामान्यतः नॉर्मल डॉट डॉटएम (Normal.dotm) या वर्डच्या मूळ साचा-फाइलमध्ये साठवल्या जातात. संगणक बदलण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी.