फुकटात मिळते, पण हिशेब नंतर होतो
ओपनएपीआयचं स्पेक (वेब सेवेला काय विचारता येतं आणि उत्तर काय येतं, याचं ठरलेल्या साच्यातलं वर्णन) लिहिलं की प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेतली क्लायंट लायब्ररी, म्हणजे ती सेवा वापरायचा तयार कोड, आपोआप मिळते, असं बरेचदा म्हटलं जातं. मिळते खरी, पण ती वापरण्याजोगी होते ती स्पेकवर घाम गाळल्यावरच. स्पेकमध्ये प्रत्येक क्रियेला ऑपरेशन-आयडी, म्हणजे तिचं नाव, दिला नाही तर जनरेटर (स्पेकवरून कोड बनवणारं साधन) पाथ म्हणजे पत्ता आणि गेट-पोस्टसारखा विनंतीचा प्रकार जोडून मेथडला असं लांबलचक नाव देतो की वाचताना धाप लागते. बरं, पुढे तो आयडी बदललात तर सर्व्हर तसाच राहूनही वापरणाऱ्यांचा कोड कंपाइल होत नाही!

माझा हात पोळला तो एनममध्ये, म्हणजे ठरावीक व्हॅल्यूंच्या यादीत. सर्व्हरवाल्यांनी स्टेटसची एक नवी व्हॅल्यू वाढवली, त्यांच्या लेखी किरकोळ बदल. आमचा जनरेट केलेला जावा क्लायंट मात्र ती व्हॅल्यू दिसताच एक्सेप्शन फेकू लागला. अनोळखी व्हॅल्यूसाठी ओपनएपीआय जनरेटरमध्ये वेगळा पर्याय आहे, तो आम्हाला नंतर सापडला. (कागदपत्रं आधी वाचतो कोण?)

नलेबलचंही (व्हॅल्यू रिकामी, म्हणजे नल, असू शकते हे सांगणारा शब्द) तसंच. ओपनएपीआय ३.० मधला तो कीवर्ड २०२१ च्या ३.१ मध्ये काढून टाकला, त्यामुळे आवृत्ती बदलताना टाइप तपासाच.

आणि जनरेट झालेल्या फाइलींत हाताने दुरुस्ती करू नका. पुढच्या रनला सगळी पुसली जाते. बदल जनरेटरच्या टेम्प्लेटमध्ये (ज्या साच्यावरून तो कोड काढतो त्यात) करा, नाहीतर त्या कोडला वरून गुंडाळणारा स्वतःचा पातळसा रॅपर लिहा.