ऊडनाडाट्टा ट्रॅकला जोडीने जाताय? मग स्टेपनी दोघांनाही लावता यायला हवी

थंडी जवळ आली की इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींचे आऊटबॅकचे, म्हणजे आतल्या ओसाड भागात फिरायचे, बेत सुरू होतात, आणि सगळी चर्चा कुठली फोर-व्हील ड्राइव्ह घ्यायची यावर अडकते. माझं स्पष्ट मत आहे: गाडी दुय्यम. ‘गाडीचं तो बघेल, खाण्यापिण्याचं ती बघेल’ अशी वाटणी करून दोघंच निघणार असाल, तर अजून निघू नका. गाडीचं ज्याला येतं त्यालाच ताप आला, पाठ धरली किंवा उन्हाने भोवळ आली, तर दुसऱ्याने काय करायचं?

ऊडनाडाट्टा ट्रॅक ही साउथ ऑस्ट्रेलियातल्या मारीपासून मार्लापर्यंतची सुमारे 620 किलोमीटरची कच्ची वाट आहे. डिझेल मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाट्टा आणि मार्ला इथेच, म्हणजे साधारण दर 200 किलोमीटरला. मधे मोबाइलला रेंज नाही. आणि काळ मे ते सप्टेंबर, बाकी नाही. याच ऊडनाडाट्टात भर उन्हाळ्यात, 2 जानेवारी 1960 ला, 50.7 अंश तापमान नोंदलं गेलंय.

सगळ्यात जास्त घोटाळा टायरच्या हवेत होतो. डांबरावर 38-40 पीएसआय असलेली हवा इथे, गाडीतल्या ओझ्याप्रमाणे, 28-30 वर आणायची. कडक फुगलेल्या टायरमध्ये धारदार दगड घुसतो. थोडा मऊ टायर त्याच दगडावरून दबून जातो. पन्हळी पत्र्यासारख्या लाटांवरचे हादरेही त्याने कमी होतात. पण हवा कमी केली की वेग ताशी 80 किलोमीटरच्या आतच ठेवायचा, नाहीतर टायरची बाजू तापून फाटते. तासाभराने थांबून मोजा. थंड टायरपेक्षा 4 ते 6 पीएसआय वाढ ठीक. त्याहून जास्त वाढली तर हवा फार कमी केलीय, किंवा वेग नाहीतर ओझं जास्त झालंय. हवा भरायचा कॉम्प्रेसर थेट बॅटरीला लावायचा आणि इंजिन चालू ठेवायचं. सिगरेट लायटरच्या सॉकेटला लावला की फ्यूज उडतो.

आता चाक. ही तालीम घरासमोर करा, दोघांनीही, एकमेकांच्या मदतीशिवाय. बऱ्याच गाड्यांची स्टेपनी खाली साखळीला टांगलेली असते आणि ती साखळी वर-खाली करणारा रहाट धुळीने घट्ट बसतो. निघण्यापूर्वी उतरवून, साफ करून परत चढवा. गॅरेजमध्ये मशीनने आवळलेले नट कंपनीच्या आखूड पान्याने हलत नाहीत. लांब दांड्याचा पाना घ्या, म्हणजे कमी ताकदीच्या माणसालाही ते सुटतात. हँडब्रेक ओढा, बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा आणि चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करा. मगच जॅक. जॅकखाली 20 मिलिमीटर जाडीची, साधारण फूटभर लांब-रुंद प्लायची फळी हवीच, कारण भुसभुशीत मातीत गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच खाली रुततो. नट समोरासमोरचे आवळायचे, आणि 50 किलोमीटरवर थांबून पुन्हा. स्टेपन्या दोन न्या, शिवाय पंक्चरच्या वाद्या. भाड्याची गाडी असेल तर कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का, हे करारात वाचा. बहुतेक वेळा नसतो.

पाणी माणशी, दिवसाला 10 लिटर धरा, आणि दोन दिवसांचं जास्तीचं. एकाच टाकीत भरू नका, चार-पाच कॅनमध्ये वाटा; एक फुटला तरी बाकीचं राहतं. ही वाट मुळात पाण्याच्या मागून गेलीय. जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यांच्या रांगेने आधी उंटांचे तांडे, 1872 ची तारयंत्राची लाइन आणि मग घान रेल्वे गेली. ते उंट हाकणाऱ्यांत आपल्याकडच्या पंजाब-बलुचिस्तानातलेही लोक होते. पण त्या झऱ्यांवर आज प्यायच्या पाण्याची भिस्त ठेवू नका, ते खारट असतं.

स्वयंपाकाला कुकर न्या. खिचडीत पाणी मोजून जातं, पास्त्यासारखं ओतून द्यावं लागत नाही. ताटं आधी कागदाने पुसायची, मग स्प्रेच्या बाटलीने धुवायची. व्हिक्टोरियातून येणाऱ्यांनी फळं, टोमॅटो, मिरच्या सोबत घेऊ नयेत, फळमाशीच्या नियमामुळे सीमेवर टाकून द्याव्या लागतात.

मुक्कामाला कोरड्या ओढ्याची वाळू मऊ आणि मोहात पाडणारी दिसते. तिथे तंबू ठोकू नका. पाऊस शंभर किलोमीटरवर पडतो आणि पाणी इथे येतं. मोठ्या रेड गमखालीही (इथल्या निलगिरीखालीही) नको, वारा नसतानाही त्याच्या फांद्या तुटून पडतात. पावसानंतर रस्ता बंदचा बोर्ड असेल तर थांबायचंच. दंड होतो तो वेगळा, पण त्या चिखलात चाकांनी पाडलेले चर पुढे वाळून दगडासारखे होतात आणि तिथे राहणाऱ्यांना भोगावे लागतात.

बीकन (पीएलबी), म्हणजे संकटात उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र, आधी नोंदवा, ती नोंदणी मोफत आहे. अँटेना उघडून, आकाश मोकळं दिसेल अशा जागी, बटण दाबायचं आणि मदत येईपर्यंत बंद करायचं नाही. तो कुठल्या कप्प्यात आहे हे दोघांना अंधारातही सापडलं पाहिजे. आणि गाडी सोडून चालत निघायचं नाही, काही झालं तरी. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

मार्लाला स्टुअर्ट हायवेचं डांबर लागतं. तिथे हवा परत 38-40 वर भरायची, आणि ज्याने आदल्या वेळी कमी केली असेल त्याने नाही, दुसऱ्याने.